पुणे केंद्र खरखरतंय. पंख्यांमुळे की टीव्हीमुळे?

शाहूपुरीकर | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न रेडिओचा आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

माझे वडील ८२ वर्षांचे. नोकरी सगळी पुण्यात झाली. निवृत्तीनंतर साताऱ्यात आले, पण कान पुण्यातच ठेवून आले. रोज सकाळी पावणेसातला वाटीत गरम पाणी, दाढीचा ब्रश, आणि मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झ, आकाशवाणी पुणे. सातनंतरच्या प्रादेशिक बातम्या संपेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही हा घरचा कायदा आहे, आणि तो सुधा नरवणे बातम्या द्यायच्या त्या काळापासूनचा आहे. सातारा केंद्र एफएमवर खणखणीत लागतं. ते लावून दिलं की म्हणतात, "चांगलंय हे, पण आपलं नव्हे." साताऱ्यात बसून! २०२३च्या जूनमध्ये पुण्याचा वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं, आठवतंय का? ओरड झाली आणि निर्णय स्थगित झाला. तेवढे दिवस आमच्याकडे कुणीतरी आजारी असल्यासारखं वातावरण होतं.

तर आता मूळ मुद्दा. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दरही लागू झाले. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मुलगा महिनाभर आधीपासून आकडेमोड करत होता: मूळ किंमत २५ हजार धरली तर आधी ३२ हजार, आता साडेएकोणतीस. अडीच हजार वाचवायला म्हणून आम्ही साडेएकोणतीस हजार खर्च केले आणि ४३ इंची टीव्ही आणला. दुकानात पंख्यांवरही 'जीएसटी कपात' असा भला मोठा बोर्ड होता. पंख्यांवर आधीही १८ टक्केच होते आणि आताही १८च आहेत. हे मी दुकानदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, बोर्ड सगळ्यांनाच लावलाय." तरी तीन पंखे घेतले. बीएलडीसीवाले, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, रिमोटचे. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हा २८. बायकोनं वहीत हिशोब मांडून ठेवलाय.

टीव्हीसाठी हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल गेलं. त्यावरचा रेडिओ दाराशेजारी चपलांच्या कपाटावर आला. चपलांवर बसून बातम्या येतात याचं बाबांना दुःख आहे, पण ती तक्रार वेगळी.

खरी तक्रार अशी की नवरात्रापासून पुणे केंद्र ऐकूच येत नाही. म्हणजे येतं, पण मागे पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरावा तशी घरघर, आणि तीवर बारीक खर्र. पावसाळ्यात वीज चमकली की कडकड होते तशी नाही ही. एकसारखी असते. बाबा एरियल उभी करतात, आडवी करतात, भिंतीला टेकवतात. काही फरक नाही. रेडिओ फिलिप्सचा, मीडियम वेव्ह आणि एफएम असा दोन बँडचा, सेलच्या झाकणाला रबरबँड. पण तब्येतीनं ठीक असावा, कारण एफएम स्वच्छ आहे.

रविवारी दुपारी मी मुद्दाम लावून बघितला तर अगदी साफ. थंडी सुरू झाल्यामुळे दुपारी पंखे बंद होते. बाबा मात्र माघातही रात्रभर पंखा लावून झोपतात आणि सकाळीही तो चालूच असतो. म्हणून माझा संशय पंख्यांवर. गेल्या गुरुवारी सकाळी सातला सगळ्या भागाची लाइट गेली तेव्हा रेडिओ आरशासारखा लख्ख झाला, म्हणजे विजेच्याच कुठल्यातरी उपकरणाचं काम आहे हे नक्की.

घरातली मतं अशी. बाबा: "टीव्ही आला आणि रेडिओ बिघडला." (ते असंही म्हणतात की साडेसातनंतर सुधारतो. पण तेव्हा बातम्या संपलेल्या असतात आणि त्यांची आंघोळ सुरू झालेली असते, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलेलं नाही.) मुलगा: "रेडिओच म्हातारा झालाय." बायको: "पंखे परत जाणार नाहीत." आई: "बंद करा एकदाचं ते." माझं मत अजून कुणी विचारलेलं नाही.

पंख्याला लावायचा काही फिल्टर वगैरे मिळतो का? की नवा रेडिओ घेऊ?

चार्जिंगला लावलंय | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

काका, २०२५ चालू आहे. प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एअर' ॲप टाका, पुणे केंद्र निवडा, ब्लूटूथ स्पीकरला जोडा. खरखर शून्य. आजोबांना सकाळी फक्त एक बटण दाबून द्यायचं. विषय संपला.

शाहूपुरीकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३२

बाळा, हे करून झालंय. पहिल्या दिवशी बरं वाटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी ऐन बातम्यांत कुणीतरी कर्ज देण्यासाठी फोन केला आणि निवेदक मुका झाला. तिसऱ्या दिवशी नेट गेलं आणि पडद्यावर गोल फिरत राहिलं. त्यांनी ते गोल दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बातमी शोधायला गेलाय वाटतं."

शिवाय ते उशिरा येतं. खरंच येतं. रेडिओ आणि ॲप शेजारी शेजारी ठेवून बघा, ॲपवरचा माणूस तेच वाक्य बऱ्याच मागून बोलत असतो. बाबा भिंतीवरचं घड्याळ रेडिओवर लावतात, त्यांना हे कसं चालेल? मलाही त्यांचं म्हणणं २ नोव्हेंबरला पटलं. महिला विश्वचषकाची फायनल आम्ही नव्या टीव्हीवर नेटवरून बघत होतो, शेजाऱ्यांकडे डिश आहे. आमच्याकडे दीप्ती शर्मा अजून धावायला सुरुवात करत होती आणि भिंतीपलीकडे सगळं घर किंचाळलं. मग आम्ही सावकाश, काय होणार ते ठाऊक असताना, हरमनप्रीतला तो शेवटचा झेल घेताना बघितलं. ४३ इंचांवर.

तांबडी वायर | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही उघडण्यात गेली, म्हणून दोन शब्द. नवा रेडिओ घेऊ नका. तोही खरखरेल.

मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीवर स्वार होऊन येतो. घरातली उपकरणं जी घाण सोडतात तीही उंचीतच चढउतार करते, त्यामुळे रेडिओला दोन्ही सारखेच वाटतात. एफएममध्ये आवाज उंचीत नसतो, वारंवारितेच्या बदलात असतो, आणि रेडिओ उंचीतला चढउतार सरळ छाटून टाकतो. तुमचं एफएम स्वच्छ असण्याचं कारण हेच. त्यावरून रेडिओची तब्येत ठरवू नका, पण तुमचा बहुधा ठणठणीत असावा.

आता घाण कुठून येते? पूर्वी घरात पिवळा बल्ब होता, त्यात तार तापायची, बाकी भानगड नव्हती. आज एलईडी, चार्जर, टीव्ही, राउटर, बीएलडीसी पंखा या सगळ्यांच्या पोटात असा सप्लाय असतो जो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. प्रत्येक चालू-बंदबरोबर त्याच्या पटीतल्या लहरी उठतात आणि त्या ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या अख्ख्या मीडियम वेव्हवर पसरतात. चांगल्या मालात सुरुवातीलाच एक छोटी गुंडाळी आणि कपॅसिटर बसवून ही घाण आत अडवतात. स्वस्त मालात पहिली काटछाट तिथेच होते, कारण ते दोन भाग नसले तरी दिवा लागतोच. गिऱ्हाईक दिवा बघतं, रेडिओ कोण लावून बघतंय? मग घराची वायरिंगच एरियल होते आणि ती खरखर खोलीखोलीत पोचते.

पंखा असू शकतो, पण एवढ्यात फाशी देऊ नका. जुन्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या नंबरावर ठेवला तर तोही मीडियम वेव्हवर चांगलाच भुंकतो. बीएलडीसीला तो रेग्युलेटर लागत नाही.

असं करा. रेडिओत सेल घाला, ॲडॉप्टर काढा. काटा पुणे केंद्राच्या थोडा बाजूला, रिकाम्या जागी आणा, म्हणजे फक्त खरखर ऐकू येईल. ती येत असताना घराचा मेन स्विच पाडा. थांबली तर चोर घरात आहे, मग एकेक एमसीबी (मेनच्या पेटीतले ते छोटे स्विच) वर करत जा. थांबली नाही तर चोर बाहेर.

आणि ते एरियल ओढणं बंद करायला सांगा बाबांना, उगाच मोडेल. ती दांडी एफएमची. मीडियम वेव्हचं एरियल रेडिओच्या पोटात असतं: काळी फेराइटची कांडी, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. सेटच्या लांबीला समांतर बसवलेली असते. स्टेशन कांडीच्या बाजूला असेल तर सगळ्यात चांगलं येतं, टोकाच्या दिशेला असेल तर सगळ्यात वाईट. पुणे केंद्राचा ट्रान्समीटर हडपसरला, सोलापूर रस्त्यावर 'आकाशवाणी' नावाचा बसथांबाच आहे तिथे. साताऱ्याहून ते जवळजवळ सरळ उत्तरेला. तेव्हा तुमचा सेट पूर्व-पश्चिम आडवा पाहिजे. चपलांचं कपाट कुठल्या भिंतीला आहे?

मंजिरी, विटा | १७ नोव्हेंबर, दुपारी २:२०

तांबडी वायर यांचं शंभर टक्के खरं आहे, मी यातून गेलेय.

मी घरी ब्लाउज शिवते. दिवसभर सांगली केंद्र, १२५१. हाताला काम आणि कानाला सांगली, असं वीसेक वर्षं चाललंय. दोन वर्षांपूर्वी अचानक घुर्रर्र सुरू. आमचे हे म्हणाले, केंद्रच बिघडलं असेल. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण दुपारी मी शिवायला बसले की घुरघुर, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात नेला की छान. मला वाटलं, दुपारच्या पाळीला कुणी नवीन माणूस आलाय तिथे! केंद्राला पोस्टकार्ड लिहायला घेतलं. "आपले दुपारचे प्रक्षेपण सदोष आहे" इथपर्यंत लिहिलं होतं.

तेवढ्यात सुई तुटली. सुई बदलायची तर मशिनचा दिवा हाताला लागतो म्हणून तो बंद केला, आणि रेडिओवर बाई एकदम स्पष्ट बोलायला लागल्या. दिवा लावला, घुर्रर्र. बंद केला, बाई. पाच-सहा वेळा करून बघितलं, कारण खरंच वाटेना. मशिनला चिकटवायचा तो एलईडीचा लहानसा दिवा, लोहचुंबकवाला, जत्रेत घेतलेला. सुईच्या टोकावर उजेड छान पडायचा हो! आता नेहमीचा बल्ब वाकड्या मानेच्या स्टँडवर लावलाय. पोस्टकार्ड अजून कात्रीच्या डब्यात आहे.

तुमच्या बाबांना विचारा, कधी येतं आणि कधी येत नाही. ऐकणाऱ्याला वेळा बरोबर माहीत असतात. मला माहीत होत्या, फक्त मी अर्थ चुकीचा लावला.

मिशिगनवासी | १७ नोव्हेंबर, रात्री ११:५०

इकडे हेच भांडण गाड्यांवरून झालं. विजेवरच्या गाडीत मोटर फिरवणारं इलेक्ट्रॉनिक्स मीडियम वेव्हवर (इथे त्याला एएम म्हणतात) इतका गोंगाट करतं की काही कंपन्यांनी गाडीतून तो बँडच काढून टाकला. फोर्डनं तर २०२४च्या बहुतेक नव्या गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं होतं, साध्या पेट्रोलच्या गाड्यांतूनसुद्धा. खेड्यातले शेतकरी, आपत्तीच्या वेळी सूचना देणारे अधिकारी, खासदार, सगळे उठले आणि २०२३च्या मे महिन्यात कंपनीनं माघार घेतली. बर्फात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले की दूरवर पोचणारं तेवढंच एक उरतं, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्या गल्लीत एकदा दोन रात्री वीज नव्हती तेव्हा मलाही पटला.

बाकी, बाबा दाढी करताना पुणे केंद्र ऐकतात हे वाचून डोंबिवलीच्या आमच्या चाळीतली सकाळ आठवली. तिथे मुंबई केंद्र असायचं, आणि प्रत्येक खोलीतून तेच येत असल्यामुळे नळावर जाऊन परत येईपर्यंत एकही बातमी चुकायची नाही.

शाहूपुरीकर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:५५

तांबडी वायर साहेब, आत्ताच प्रयोग केला. निकाल सांगतो, हसू नका.

कपाट पूर्वेच्या भिंतीला आहे. म्हणजे रेडिओ दोन महिने पुण्याकडे टोक करून बसलाय. तो काटकोनात फिरवला, तर आवाज दुपटीनं वाढला. आता अर्धा रेडिओ कपाटाबाहेर लोंबतोय, खाली वर्तमानपत्राची घडी घातलीय. जुन्या टेबलावर तो बरोबर पूर्व-पश्चिमच होता! म्हणजे बाबांचं "टीव्ही आला आणि रेडिओ बिघडला" हे शब्दशः खरं निघालं. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

पण खरखर आहेच. मग रात्री नऊला मेन स्विच पाडला. मुलाची परीक्षा, बायकोची मालिका, आईची वाफ, सगळं एकदम बंद. अंधारात पाच माणसं एका रेडिओभोवती. आणि खरखर जशीच्या तशी! उलट शांततेमुळे जास्तच मोठी वाटली. बायको अंधारात एवढंच म्हणाली, "पंख्यांची माफी मागा."

घरातलं सगळं बंद असताना येते आणि गावाची लाइट गेली की थांबते. मग काय, शेजारी? त्यांची डिश? की डीपी? शेजाऱ्यांना "तुमचा मेन स्विच पाडा" असं कसं सांगू? फायनलच्या रात्रीपासून आधीच मी त्यांच्याशी नीट बोलत नाहीये.

तांबडी वायर | १८ नोव्हेंबर, रात्री १०:२०

शेजाऱ्यांना त्रास देऊ नका. आधी तुमचाच पहिला संदेश पुन्हा वाचा. बाबा म्हणतात साडेसातनंतर सुधारतो. तुम्ही म्हणता रविवारी दुपारी साफ होता. आज रात्री नऊला खरखर. रेडिओ कुठे आहे? दाराशेजारी. दाराबाहेर काय आहे?

इमारतीत संध्याकाळी लागतं आणि सकाळी साडेसातला बंद होतं असं काय असतं, तेवढं सांगा.

चार्जिंगला लावलंय | १८ नोव्हेंबर, रात्री १०:२४

जिन्याचा दिवा!!! काका, जिन्याचा दिवा!

(ॲपवाला मीच. तरी हा धागा दर तासाला उघडून बघतोय.)

शाहूपुरीकर | २० नोव्हेंबर, सकाळी ८:४०

काल लिहायला वेळ झाला नाही. आज ऑफिसला उशीर झाला तरी चालेल.

आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही. जिन्यातल्या जुन्या ट्यूब दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सोसायटीनं बदलल्या आणि एलईडी पट्ट्या लावल्या, मजल्याला दोन याप्रमाणे आठ. मीच मीटिंगमध्ये हात वर केला होता. बिल कमी येईल म्हणून. सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडा, असंही मीच म्हणालो होतो, हे इतिवृत्तात आहे. त्यातली एक पट्टी आमच्या दारावरच्या भिंतीला आहे, आणि त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला चपलांचं कपाट. मध्ये एक वीट.

रखवालदार मामा संध्याकाळी साडेसहाला लावतात. सकाळी झाडून, दोन गाड्या पुसून, चहा पिऊन झाला की बंद करतात. तेव्हा साडेसात वाजलेले असतात. ते कधी चुकत नाहीत.

काल पहाटे सव्वासहाला मी रेडिओ काखेत घेऊन जिन्यात उतरलो. अंगात बनियन, डोक्याला मफलर. काटा पुण्याच्या शेजारी रिकाम्या जागी. आमच्या दारासमोर खर्रर्र, चार पायऱ्या उतरलो की कमी, पुढच्या मजल्याच्या पट्टीखाली आलो की परत खर्रर्र. रेडिओ फिरवून टोक पट्टीकडे केलं की आवाज निम्म्यानं पडतो, आडवा केला की उसळतो. कुत्र्यानं वास काढावा तसा मी मजल्यामजल्यावर रेडिओ पुढे धरून उभा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दूध घ्यायला बाहेर आल्या, मला बघितलं, पिशवी उचलली आणि काही न बोलता दार लावून घेतलं.

तळमजल्यावर आलो तेव्हा पावणेसात होऊन गेले होते. काटा ७९२ वर आणला. खरखरीच्या मागे बाईंचा आवाज, धान्याच्या पोत्यामागून कुणी बोलावं तसा. जिन्याचं बटण मीटरच्या पेटीशेजारी आहे, जरा सैल झालंय, दाबून धरावं लागतं. दाबलं. वरपर्यंत सगळा जिना एकदम काळा झाला आणि त्या अंधारात निवेदिका अशी स्वच्छ बोलायला लागली की मला वाटलं बाई पायरीवरच बसल्यात.

मी तसाच उभा. वर आमचं दार उघडल्याचा आवाज आला. मान वर करून बघतो तो कठड्यावरून बाबा वाकलेले. निम्म्या गालाला फेस, हातात ब्रश. म्हणाले, "साडेसात वाजले का?"

वर गेल्यावर सगळं सांगितलं. टेबलाचं, कांडीचं, पट्टीचं. त्यांनी ऐकून घेतलं, उरलेला गाल केला, आणि मग म्हणाले, "मी सांगत होतो." दोन महिने सांगत होते हेही खरंच आहे. मी त्यांना काल काहीच बोललो नाही. आज पेठेतून सहा नवे सेल आणून दिलेत.

आता व्यवहाराचं. आमच्या मजल्यावरच्या दोन्ही पट्ट्या मी काल संध्याकाळी स्वतःच्या पैशानं बदलल्या, जरा बऱ्यापैकी दर्जाच्या आणून. खरखर एकदम उतरली. खालच्या मजल्यांवरून अजून थोडी येते, पण सेट आडवा ठेवला की बातम्या कळतात. उरलेल्या सहांसाठी सेक्रेटरींना भेटलो. ते म्हणाले की दिवे लागत असताना दिवे बदलायचा ठराव कसा मांडायचा, आणि 'रेडिओला त्रास होतो' हे इतिवृत्तात कसं लिहायचं. शिवाय स्वस्त कोटेशनला हात कुणी वर केला होता तेही त्यांच्या लक्षात होतं. तूर्त मामांशी बोलणं झालंय. सूर्य उगवला की आधी बटण, मग झाडू. आज त्यांनी सात वाजायच्या आधी दाबलं, आणि घरात कुणीही कुणाशी बोललं नाही.

विट्याच्या ताई, ते पोस्टकार्ड जपून ठेवा.

तांबडी वायर | २० नोव्हेंबर, सकाळी ९:०५

काढलेल्या दोन पट्ट्या फेकू नका. एक उघडा आणि आतल्या सर्किटचा फोटो टाका. वायर जिथून आत शिरते तिथे गुंडाळीसाठी दोन भोकं आणि छापलेली खूण असेल, आणि भाग नसेल. पैज लावतो.